सरी कुणी बांधली?

दार सताड उघडं असलं तरी अण्णा त्यावर टकटक करत. "येऊ का?" म्हणून विचारत आणि आतून उत्तर येईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहत. उत्तर आलं नाही तर परत जात. एकदा साहेब फोनवर बोलण्यात गुंग होते, त्यांचं लक्षच नव्हतं. हा माणूस तीनदा गेला, तीनदा परत आला आणि शेवटी एक चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलाच्या कडेला ठेवायला शिपायाला पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'येऊ का?'

आमचं ऑफिस म्हणजे बसवनगुडीतल्या एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला. खाली घरमालक, वर आम्ही अकरा जण आणि सात कॉम्प्युटर. आठवा साहेबांच्या केबिनमध्ये, तो क्लायंटने परदेशातून पाठवलेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. खिडकीला लागून जॅकरंडाचं झाड होतं. त्या दिवसांची आठवण आली की मला सगळं जांभळट उजेडातच दिसतं. टेबलं, सोल्डरिंगचा धूर, अण्णांचा पांढरा शर्ट, सगळं. खरं तर ते झाड वर्षातून जेमतेम तीन आठवडे फुलायचं. पण आठवणींना कुठे कॅलेंडर असतं?

मी पुण्याहून नुकतीच आले होते. पहिल्याच दिवशी अण्णा लांबून म्हणाले, "ये की, तंगी. बस." मला वाटलं, हे माझ्या पगाराविषयी काहीतरी म्हणताहेत. आमच्याकडे तंगी म्हणजे चणचण. त्यांच्या कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. हे कळायला मला दोन दिवस लागले, तोवर मी जरा फुगूनच होते.

अण्णांचं मराठी असंच होतं. त्यांचे पूर्वज कुठल्यातरी सैन्याबरोबर बेंगळुरात आले आणि तिथेच राहिले. "कुठलं सैन्य?" मी विचारलं होतं. "ते नाही माहीत. बहुतेक हरलेलं असणार," अण्णा म्हणाले, "जिंकलेले लोक परत जातात की घरी." घराण्याचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. ते चुलतभावांनी सांभाळलं आणि अण्णा शिकून सरकारी कारखान्यात लागले. तिथे तीस वर्षं, मग आमच्याकडे. अंगानं किडकिडीत, मान किंचित पुढे, जणू नेहमी कुणाचं तरी उत्तर ऐकायच्या तयारीत. चार्जर, अडॅप्टर, ट्रान्सफॉर्मर, काहीही चालू असलं की जाता-येता त्याला हाताची पालथी बाजू लावून बघत. लहान मुलाचा ताप बघावा तसे. "कढत झालंय. कुणीतरी जास्त मागतंय याच्याकडे," असं म्हणत आणि त्या 'कुणीतरी'चा शोध घेत बसत.

'स्वल्प' हा त्यांचा शब्द. बेंगळुरात तो सगळ्यांचाच असतो. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रत्येक जण तुम्हाला स्वल्प सरकून घ्यायला, स्वल्प थांबायला सांगतो. पण अण्णा तो शब्द पाळत. रविवारी ते मला जेवायला घरी बोलवत. दुकानाच्या वर दोन खोल्या, खालून कोऱ्या कापडाचा वास यायचा. त्यांच्या पत्नीला सगळी पेठ अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. अक्का भात वाढायला आल्या की अण्णा ताटावर हात आडवा धरत. "स्वल्प." ते स्वल्प खाऊन झालं की क्षणभर थांबत आणि विचारत, "अजून आहे का ग? घेऊ का?"

"पातेलं समोर दिसतंय की," अक्का मला म्हणाल्या. "तीस वर्षं झाली, रोज विचारतात. नाही म्हटलं तर काय उपाशी उठणार?"

"उठेन की," अण्णा म्हणाले.

आणि पोट भरलं की 'साकु'. म्हणजे पुरे. साकु म्हटल्यावर वर एक शीत घेत नसत. अक्कांनी खास माझ्यासाठी केलेली पुरणपोळी समोर वाफाळत असली तरी नाही. मी मात्र पुण्याची असूनही आग्रहाला बळी पडत असे.

एका रविवारी मी त्यांना सांगितलं, की 'स्वल्प' हा शब्द मला लहानपणापासून एकाच जागी भेटलेला आहे. स्वल्पविरामात. अण्णांची शाळा कन्नड. त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. मी ताटाशेजारी ओल्या बोटानं तो काढून दाखवला. वाक्य संपत नाही, तिथे फक्त जरासं थांबायचं असतं, असंही सांगितलं. अण्णा बराच वेळ त्या ओल्या खुणेकडे बघत राहिले.

"स्वल्प, आणि मग विराम," ते म्हणाले. "केवढा शहाणा शब्द आहे ग तुमच्याकडे." अक्कांनी ताट उचललं, फडकं फिरवलं, तेव्हा कुठे ते उठले.

हे विचारून घेण्याचं वेड कुठून आलं, ते त्यांनी मला कामाच्या निमित्तानं सांगितलं. क्लायंटला खिशात मावेल अशी एक इलेक्ट्रॉनिक वही करायची होती. कॉम्प्युटरला वायर लावली की वहीतला मजकूर तिकडे जाईल, आणि त्याच वायरीतून वहीची बॅटरीही चार्ज होईल. यूएसबी तेव्हा नवंनवं होतं. त्याचा पोर्ट आपल्या कॉम्प्युटरच्या पाठीवर आहे हे कित्येकांना ठाऊकही नव्हतं. ती बॅटरी चार्ज करणारी चिप करायचं काम आमच्याकडे आलं. यूएसबीच्या नियमांचं जाडजूड बाड वाचता वाचता अण्णा एकदम खुर्चीतून उठले.

"तंगी! ही आमच्या वठाराची रीत आहे!"

नियम असा होता. वायर जोडल्या जोडल्या शंभर मिलिअँपच्या वर वीज घ्यायची नाही. आधी आपण कोण ते सांगायचं, किती हवं ते सांगायचं, आणि समोरचा कॉम्प्युटर हो म्हणाला तरच पाचशेपर्यंत जायचं. नाही म्हणाला तर शंभरावर भागवायचं.

वठार म्हणजे एका अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्या. अण्णा तशा एका वठारात वाढले. नऊ बिऱ्हाडं आणि विजेचा मीटर एक. एकेक दिवा सगळ्यांनी लावायचा, त्याला कुणाची परवानगी नको. पण कुणी इस्त्री लावली आणि त्याच वेळी कुणी विजेची शेगडी लावली, की फ्यूज उडून नऊ घरं अंधारात. म्हणून अण्णांच्या आई इस्त्री हातात धरून दारात उभ्या राहत आणि अंगणात हाक मारत, "इस्त्री लावू का?" समोरून कुणीतरी म्हणे, "सरी, लावा." सरी म्हणजे ठीक आहे. कधी उत्तर येई, "स्वल्प थांबा, पाणी तापतंय." मग त्या इस्त्री धरून तशाच उभ्या राहत.

"आईच्या हाकेला कुणी ओ दिली नाही तर?" मी विचारलं.

"मग चुरगळलेला शर्ट घालून शाळेत. तसाच जायचो की." अण्णा हसले. "मिळतं म्हणून घ्यायचं नसतं ग. देणाऱ्याचा दम बघावा."

त्यांनी चिपचा नकाशा काढला तेव्हा आतल्या तारांना आपल्या मनातली नावं दिली. इंजिनियर तारांना काहीही नावं देतात, त्यात नवल नाही. यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं SWALPA, SARI आणि SAKU. आणि एक गंमत त्यांनी मनानं घातली होती. समोर कॉम्प्युटर नसून नुसताच भिंतीतला चार्जर असेल तर? तो काय उत्तर देणार? म्हणून अण्णांनी आमच्या चार्जरमध्ये निरोप नेणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या. चिप एका तारेवर हाक मारणार. तीच हाक दुसऱ्या तारेवरून परत आली, तर समोर भिंत आहे असं समजायचं आणि निर्धास्त घ्यायचं. पुढे कित्येक वर्षांनी सगळं जगच चार्जरमध्ये तशा तारा जोडू लागलं. तेव्हा मात्र ती बसवनगुडीतल्या एका माणसाची लहर होती. संध्याकाळी चारच्या सुमाराला, चहा पिता पिता, ते मला म्हणाले होते, "आपलाच आवाज ऐकू आला की समजावं, इथं कुणाचं काही कमी होणार नाही."

ही त्यांची शेवटची चिप होती. मेमध्ये ते निवृत्त होणार होते. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी काढलेले नकाशे राबवले होते. स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच गोष्ट. चिपच्या कोपऱ्यात जिथे सर्किट नसतं, तिथे करणारे लोक कधीकधी आपली आद्याक्षरं धातूत काढून ठेवतात. केसाच्या जाडीएवढी, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी. अण्णांनी साहेबांना विचारलं होतं, "सर, या वेळी माझी दोन अक्षरं घालू का?"

साहेब नागपूरचे, मनानं मोकळे. "घाला ना अण्णा! विचारून कायले राहिले?"

अण्णांनी ती दोन अक्षरं आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढली. कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. दिवसातून दोनतीनदा काढून बघत. अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "लग्नपत्रिकेवर नाव छापलं तेव्हासुद्धा एवढं बघितलं नव्हतं."

मार्चमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस सुट्टी. अक्षरं कोपऱ्यात बसवून ते गेले. चिपचा अंतिम नकाशा त्या शुक्रवारी चिपा बनवणाऱ्या कारखान्याकडे जायचा होता, आणि सोमवारी साहेब मला म्हणाले, "चिप थोडी मोठी होऊन राहिली. कुठं कमी होते का बघ बरं."

मला त्या महिन्यात नोकरीत कायम करणार होते. आपण काहीतरी करून दाखवावं, असं मला फार वाटत होतं. मी नकाशा पसरून बसले आणि SARI नावाची एक तार मला दिसली. तिच्याभोवती बरंच सर्किट होतं. मी वाचलं, साडी. अण्णांचं साड्यांचं दुकान. मला हसूच आलं. म्हातारबाबांनी दुकानाची आठवण म्हणून एका तारेला साडी नाव दिलंय! अंगणातली ती 'सरी, लावा' मला माहीत होती, पण इंग्रजी अक्षरांतून ती काही केल्या ऐकू आली नाही. ही तार म्हणजे कॉम्प्युटरकडून आलेला होकार, हे एकदा नीट शोधलं असतं तरी कळलं असतं. मी शोधलं नाही. ती तार कायमची चालू ठेवली, आमच्या भाषेत 'बांधली', तर काय बिघडतं, एवढंच बघितलं. चिप येण्याआधी तिची रचना सुट्या भागांनी जुळवलेल्या अण्णांच्या नमुना बोर्डावर ती तशी बांधून ऑफिसातल्या सातही कॉम्प्युटरना लावून पाहिली. काही म्हणता काही बिघडलं नाही. ते बिचारे सातही, न विचारता मागेल तेवढं देणारे निघाले. आठवा केबिनमध्ये होता. त्यासाठी साहेबांना विचारावं लागलं असतं. आणि बसनं अर्ध्या तासावर, चिकपेटेत, डोळ्याला पट्टी बांधून एक माणूस नुसता बसून होता. त्यालाही मी विचारलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं. तार बांधली, भोवतालचं सर्किट उडवलं, चिप लहान झाली, साहेब खूश झाले.

गुरुवारी सकाळी अण्णा आले. एक दिवस आधीच. हिरवा चष्मा लावलेला, जिने चढताना कठड्याला धरून. खिडकीत जांभळा सडा पडला होता. "बघू का?" म्हणाले आणि भिंग घेऊन नकाशावर वाकले. मी शेजारी उभी होते, शाबासकीच्या तयारीत.

"सरी कुणी बांधली?"

"मी, अण्णा. मला वाटलं, ती साडी... म्हणजे तुमच्या दुकानाची आठवण म्हणून..."

त्यांनी मान वर केली. मग ते जे हसायला लागले! "अय्यो, साडी! तंगी, साडी नेसतात ग. बांधत नाहीत!" ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी चालत नव्हतं, ते रुमाल धरून हसत राहिले. मीही हसले. मग ते एकदम थांबले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे आता आपली चिप कुणाला विचारणारच नाही." 

नमुना बोर्ड घेऊन ते केबिनशी गेले. टकटक केली. "येऊ का, सर?" मी मागे. साहेब क्लायंटला पत्र लिहीत होते. त्या आठव्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डलाच बाजूला एक पोर्ट होता. कीबोर्ड स्वतःच दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. त्याच्याकडे देण्यासारखं ते किती असणार? अण्णांनी विचारलं, "या कीबोर्डला लावू का, सर?" साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "लावा ना."

बोर्डावरचा दिवा लागला आणि कीबोर्ड मेला. माऊसही. साहेबांचं पत्र 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की' इथं अडकून पडलं. ते एकेक बटण दाबून बघू लागले. अण्णांनी वायर काढली आणि काय झालं ते शांतपणे समजावून सांगितलं. चिप अशीच गेली तर गिऱ्हाईक वही कीबोर्डला लावणार आणि कीबोर्ड असाच मरणार.

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे उद्या काही जात नाही. आठवडा गेला. क्लायंटला काय सांगू?" मग त्यांचा आवाज चढला. "हे कोणी केलं? तू कमी केलंस ना ग?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटण्याआधी अण्णा म्हणाले, "तिनं नाही, सर. ती तार बांध म्हणून मीच सांगून गेलो होतो. डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, घाईत चुकलं."

मी तसंच तोंड मिटलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.  अण्णांवर ओरडणं साहेबांनाही जड जात असावं. आवाज उतरवून म्हणाले, "अण्णा, कोपऱ्यातली अक्षरं राहू द्या आता. उशीर कोणामुळे झाला म्हणून क्लायंट विचारेल, अन् चिपवर त्याचंच नाव, बरं नाही दिसत."

"सरी, सर," अण्णा म्हणाले.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "अण्णा, का असं केलंत? मी आत जाऊन सांगते."

"मी मेमध्ये घरी जाणार. तुला इथं राहायचंय."

"पण तुमची अक्षरं..."

त्यांनी खिशातला कागद काढला, बघितला, घडी पुन्हा नीट घातली आणि परत ठेवला. "साकु," म्हणाले. साकु म्हटल्यावर त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. मी मात्र आत जायला हवं होतं. गेले नाही. ताटातला दुसरा घास विचारून घेणारा तो माणूस. जन्मात एकच गोष्ट त्यांनी न विचारता घेतली, ती माझी चूक.

तो आठवडा मी सरी सोडवण्यात घालवला. उडवलेलं सर्किट एकेक करून परत बसवलं. अण्णा शेजारी बसून सांगत, मी काढत असे. कोपऱ्यातली दोन अक्षरं मलाच पुसावी लागली. ती जागा रिकामी राहिली. शेवटच्या दिवशी अण्णा जेवायला गेले असताना मी त्या रिकाम्या कोपऱ्यात एक बारीकशी खूण काढली आणि नकाशा रवाना झाला.

मेमध्ये निरोपसमारंभ झाला. अण्णांच्या डोळ्यांवरून, घाईवरून थोडी थट्टा झाली. अण्णाही हसले. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

तयार चिपा ऑगस्टमध्ये आल्या. पहिल्यांदा लावताच सगळं चाललं. मी चिकपेटेत फोन केला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं.

"येऊ का?"

"या ना, अण्णा."

आधी मी त्यांना चिप चालताना दाखवली. कीबोर्डच्या पोर्टला वायर लावली. लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. चिपनं विचारलं होतं, कीबोर्डनं नाही म्हटलं होतं, चिप शंभरावर थांबली होती. कीबोर्ड जिवंत. मग कॉम्प्युटरला लावली. लाल दिवा, क्षणभर काहीच नाही, आणि मग हिरवा. अण्णा त्या मधल्या क्षणासाठी पुन्हा पुन्हा वायर काढून लावत होते. मी त्यांना थांबवलं नाही.

नंतर एक उघडी चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा लावला. सरी कुठे, साकु कुठे, सगळं बघून झालं. मग मी हळूहळू काच कोपऱ्याकडे सरकवली.

"हे काय ग? घाण राहिली का?"

"घाण नाही. नीट बघा."

एक ठिपका, त्याला डावीकडे वळलेलं बारीक शेपूट. अण्णांनी चाक फिरवून नजर नीट लावून घेतली. मला वाटलं त्यांना ओळखू आलं नाही.

"स्वल्पविराम," ते म्हणाले.

"तुमचा," मी म्हटलं.

बाहेर जॅकरंडा हिरवागार होता, एक फूल नव्हतं. अण्णांनी डोळा काढला नाही. तसेच वाकून म्हणाले, "साहेबांना विचारलं होतंस?"

"नाही."

"मला?"

"नाही. आता विचारते." मी म्हटलं. "ती सरी मी बांधली होती अण्णा, हे मी साहेबांना आज सांगणार आहे. सांगू ना? आणि हे असंच राहू दे?"

ते थांबले. त्यांच्या थांबण्याची मला सवय होती, पण त्या दिवशी ते फार वेळ थांबले.

"सरी," अण्णा म्हणाले.